खाडीकाठचं जग : भिवंडीतून दिसलेली इतिहासाची वळणं

(निजामपुरा, भिवंडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



'मध्ययुगाकडून आधुनिक काळाकडे : जागतिक इतिहासातली वळणं' हा विषय संयोजकांनी मला दिला. या विषयाची एक ठरलेली यादी आहे. १४५३ला कॉन्स्टँटिनोपल पडलं, १४९८ला गामा आला, १७८९ला फ्रान्समध्ये क्रांती झाली, १९१४ला महायुद्ध पेटलं. आपण सगळ्यांनी ही सालं पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरून गेलो. त्यातलं एकही साल आपल्या गावाशी कोणी जोडून दाखवलं नाही, म्हणून विसरलो. इथल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला वाटतं की इतिहास पॅरिसला घडला, दिल्लीला घडला, फार तर रायगडावर घडला. आपल्याकडे काय, फक्त कापड निघतं.

ही समजूत चुकीची आहे आणि ती मला आज खोडून काढायची आहे. भिवंडी तालुका आणि त्याला लागून वाहणारी खाडी यांच्यापासून मी फार लांब जाणार नाही. जगाच्या इतिहासातली मोठी वळणं या खाडीतून, या रस्त्यावरून गेलेली आहेत. काही वेळा भिवंडीने ती सोसली आणि काही वेळा स्वतः घडवली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर इतिहास शिकवत होते. त्यांच्या व्यासपीठावरून हे बोलावं, असं मला मनापासून वाटलं.

सुरुवात १४५३पासून करू, कारण पुस्तकंही तिथूनच करतात. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, पूर्वेकडचा रस्ता बंद झाला, म्हणून युरोपी लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले, असं आपल्याला शिकवलं गेलं. गोष्ट इतकी सरळ नाही. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचे तुर्कांशी व्यवहार पुढेही होत राहिले आणि मिरी अलेक्झांड्रियामार्गे युरोपात जातच राहिली. पोर्तुगीजांचं दुखणं वेगळं होतं. त्या व्यापारात त्यांना वाटाच नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्याने ते कॉन्स्टँटिनोपल पडायच्या आधीपासूनच खाली सरकत होते. १४९८च्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला पोचला तेव्हा या समुद्रावर व्यापार नव्याने सुरू झाला असं मुळीच नाही. सोपारा, कल्याण, चौल, दाभोळ ही बंदरं शतकानुशतकं चालू होती. अरब, गुजराती, कोकणी मुसलमान, यहुदी असे सगळे या पाण्यावर वावरत होते. नवं आलं ते तोफा चढवलेलं जहाज, आणि त्या तोफांच्या जोरावर दिलेला परवाना. १५०९मध्ये दीवजवळच्या लढाईत पोर्तुगीजांनी इजिप्त आणि गुजरात यांच्या एकत्र आरमाराचा पराभव केला. तेव्हापासून स्वतःच्याच समुद्रात जहाज न्यायचं तर 'कार्ताझ' नावाचा पोर्तुगीज परवाना घ्यायची वेळ इथल्या नाखव्यावर आली. तो नसेल तर माल जप्त. माझ्या मते मध्ययुग संपल्याची आपल्या किनाऱ्यावरची खूण हीच. त्याआधी समुद्राला मालक नव्हता.

आता ही सत्ता आपल्या दाराशी कशी आली ते पाहा. १५२६ला पानिपतावर बाबर जिंकला. त्याचा मुलगा हुमायून गुजरातच्या बहादूरशाहाच्या उरावर बसला. हुमायूनच्या धास्तीने बहादूरशाहाने १५३४च्या डिसेंबरमध्ये वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. पानिपतावरच्या लढाईचा शेवट वसईच्या खाडीत झाला तो असा. वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं झालं. साष्टी त्यांची झाली, ठाणं त्यांचं झालं. खाडीच्या या काठावर कल्याण-भिवंडी मात्र त्यांच्या हाती लागली नाही. ती अहमदनगरच्या निजामशाहीत राहिली, आणि १६३६मध्ये शाहजहान व आदिलशाह यांनी निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला तेव्हा विजापूरकडे गेली. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं एका काठावर युरोपचं राज्य आणि दुसऱ्या काठावर दख्खनचं, अशी ही खाडी सरहद्द होती. सरहद्दीवरच्या गावाला दोन्हीकडचं जग कळतं. भिवंडीला ते कळत होतं, याचा पुरावा पुढच्या घटनेत आहे.

या घटनेवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

१६५७च्या दिवाळीत शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. महाराजांचं वय तेव्हा सत्तावीस. डोंगरातल्या राज्याला पहिल्यांदा खाडीचं पाणी लागलं. पलीकडे कल्याणच्या काठावर दुर्गाडी किल्ला उभा राहिला. आणि दोन वर्षांच्या आत, १६५९च्या ऑगस्टमध्ये, गोव्याच्या पोर्तुगीज कारभाऱ्यांनी लिस्बनला आपल्या राजाला एक पत्र लिहिलं. शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलच्या लगतचा मुलूख घेतला आहे, तो बलवान होत चालला आहे, आणि भिवंडी, कल्याण व पनवेल या बंदरांत त्याने लढाऊ गलबतं बांधायला घेतली आहेत, अशी खबर त्या पत्रात आहे. ही गलबतं बंदराबाहेर पडू द्यायची नाहीत असा हुकूम वसईच्या कॅप्टनला दिल्याचंही त्यात आहे. मंडळी, लिस्बनच्या राजदरबारी भिवंडीचं नाव गेलं ते एक धोका म्हणून.

ही गलबतं बांधत कोण होतं? महाराजांनी वसईकडच्या पोर्तुगीज कारागिरांनाच कामाला लावलं होतं. त्यांचा म्होरक्या रुई लैतांव व्हिएगस. त्याच्याबरोबर तीनशेच्या वर माणसं होती. त्यांत अस्सल पोर्तुगीज होते आणि इथल्या बायकांपासून झालेल्या संततीतलेही होते. वीस लढाऊ गलबतांचं काम होतं. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध ही तयारी चालली आहे असं बाहेर सांगितलं जात होतं. वसईच्या कॅप्टनला धोका कळला. उद्या हे आरमार आपल्यावरच उलटेल. त्याने गुपचूप निरोप पाठवून व्हिएगसचं मन वळवलं, आणि एके दिवशी हे सगळे कारागीर काम टाकून पळून गेले.

पोर्तुगीजांनी सरळ सैन्य पाठवून भिवंडीची गोदी जाळून का टाकली नाही? शंभर वर्षांपूर्वी त्यांनी ते केलं असतं. याचं उत्तर भिवंडीत मिळत नाही, ते हॉलंडमध्ये आहे. डच कंपनीने १६४१मध्ये पोर्तुगीजांचं मलाक्का घेतलं होतं, १६५६मध्ये कोलंबो घेतलं, १६५८मध्ये जाफना. गोव्याच्या तोंडाशी डच जहाजं येऊन नाकेबंदी करत होती. शिवाय १६४०मध्ये स्पेनच्या राजाचं जोखड झुगारल्यापासून पोर्तुगाल घरीही लढत होता. म्हणून वसईच्या कॅप्टनला फितवण्याचा मार्ग धरावा लागला. युरोपातल्या दोन सत्तांच्या भांडणातून जी फट पडली तिच्यात मराठी आरमाराचा पाया घातला गेला. ती फट ओळखणारा राजा इथे होता, हे त्याचं मोठेपण.

कारागीर पळाले, पण काम थांबलं नाही. किनाऱ्यावरची कोळी, भंडारी, मुसलमान अशी सगळी माणसं या आरमारात आली. दौलतखानासारखा दर्यासारंग त्यातूनच पुढे आला. १६६५च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजावर चढून बसरूरच्या मोहिमेवर गेले, तेव्हा पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं बरोबर होती. १६७९मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरीला या आरमाराने इंग्रजांना झुंजवलं. याची सुरुवात आपल्या खाडीत झाली. आज मराठी आरमार म्हटलं की सिंधुदुर्ग आठवतो, विजयदुर्ग आठवतो. आठवायलाच हवेत. पण पहिली गलबतं जिथे पाण्यात उतरली त्या तीन बंदरांत भिवंडीचं नाव येतं, हे भिवंडीच्या प्रत्येक शाळेत सांगितलं गेलं पाहिजे.

मुंबई बेट १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाकडे गेलं आणि १६६८मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला मिळालं. हे आपण सगळे जाणतो, म्हणून तिथे थांबत नाही.

१७३९ हे साल घ्या. मार्चमध्ये नादिरशाहाने दिल्लीत कत्तल केली, मयूरासन नेलं. मुघल सत्ता त्यानंतर पूर्वीसारखी कधी उभी राहिली नाही. त्याच वसंतात चिमाजी अप्पा वसईच्या कोटाखाली सुरुंग खणत होता. दिल्ली लुटल्याची बातमी आल्यावर बाजीरावाची एक नजर उत्तरेकडे आणि एक वसईकडे होती. मे महिन्यात वसई पडली. नादिरशाहाने दिल्ली सोडली तीही त्याच महिन्यात. मोहिमेआधी चिमाजीने वज्रेश्वरीला नवस केला होता आणि नंतर तिथे मंदिर बांधलं गेलं. ती वज्रेश्वरी आपल्याच तालुक्यात आहे. दरवर्षी हजारो माणसं तिथे जातात, गरम पाण्याच्या कुंडांत उतरतात. त्या पायऱ्यांवर उभं राहून १७३९चं जग मनात आणून पाहावं. एकाच उन्हाळ्यात आशियातलं एक मोठं साम्राज्य वाकलं आणि एका युरोपी सत्तेचा दोनशे वर्षांचा प्रांत एका हिंदी फौजेने हिसकावून घेतला. हरलेल्या पोर्तुगीजांना बायकामुलांसह, चीजवस्तूंसह सन्मानाने जाऊ दिलं गेलं. दिल्लीत त्याच ऋतूत काय झालं ते आठवा आणि मग हे ठरवा की कोणता विजेता मोठा.

इथून मी आपल्याला दुगाडला नेतो. वज्रेश्वरीच्या वाटेवरचं, याच तालुक्यातलं गाव. पाठ्यपुस्तकात या गावाचं नाव मला कधी दिसलं नाही.

१७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली होती. राघोबादादा त्यांच्या आश्रयाला गेले होते आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं होतं. पण त्याच वेळी अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या होत्या. १७७६ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि १७७८ला फ्रान्स त्यांच्या बाजूने युद्धात उतरला. १७७७मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणविसांच्या भेटीला आला. फ्रेंच आणि मराठे एक झाले तर मुंबई जाईल, ही भीती इंग्रजांच्या मनात बसली. म्हणजे बॉस्टनमध्ये जे चाललं होतं त्याचा धाक मुंबईच्या कौन्सिलमध्ये होता, आणि कौन्सिलच्या फौजा आपल्या मुलखात फिरत होत्या. १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली. त्याची भरपाई करायला जनरल गॉडर्डने १७८०च्या हिवाळ्यात वसईला वेढा घातला.

वेढा उठवायला पुण्याहून रामचंद्र गणेश कानडे आले. ते उत्तरेतल्या मोहिमा पाहिलेले सरदार होते. त्यांची वाट अडवायला कर्नल हार्टले दुगाडच्या टेकड्यांवर तळ देऊन बसला होता. डिसेंबर १७८०चा दुसरा आठवडा. कोकणातल्या डिसेंबरच्या पहाटे खाडीकडून धुकं चढतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या धुक्याचा आडोसा घेऊन मराठे हार्टलेच्या मोर्च्यावर चालून गेले. रामचंद्र गणेशांच्या सोबत नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता. चिमाजीने वसई घेऊन एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि आता एक पोर्तुगीज इंग्रजांच्या हातून वसई वाचवण्यासाठी मराठ्यांच्या बाजूने लढत होता. मारा चालू असतानाच धुकं एकाएकी विरलं. मराठ्यांची फळी उघडी पडली. रामचंद्र गणेश तिथेच ठार झाले, नोरोन्हा जखमी झाला, फौज मागे हटली. वसई त्याच सुमारास गॉडर्डच्या हाती गेली.

पुढच्या वसंतात तोच गॉडर्ड पुण्यावर निघाला आणि बोरघाटातून मार खाऊन परतला. १७८१च्या ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापतीने अमेरिकनांपुढे शस्त्र ठेवलं. मे १७८२मध्ये सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. इंग्लंडचं बळ दोन खंडांत विभागलं गेलं नसतं तर सालबाईच्या अटी अशा राहिल्या नसत्या, असं माझं मत आहे. अमेरिकन क्रांतीवर जगात ग्रंथांचे डोंगर आहेत. त्या जागतिक युद्धाच्या एका टोकाला दुगाडच्या माळावर जी माणसं पडली त्यांच्यासाठी आपण एक दगडही उभा करू नये?

१८०२च्या ३१ डिसेंबरला वसईलाच दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेचा तह केला आणि १८१८मध्ये पेशवाई संपली. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

मला घाई आहे ती कापडाकडे येण्याची. कारण निजामपुऱ्यात उभं राहून औद्योगिक क्रांतीवर बोलायचं तर मँचेस्टरला जायची गरजच नाही.

१७८५मध्ये एडमंड कार्टराइट या इंग्रज पाद्र्याने यंत्रमागाचा पहिला हक्क नोंदवला. त्याआधी सूत काढणारी यंत्रं आली होती. सूत भराभर निघू लागलं, विणणारे हात कमी पडू लागले, म्हणून माग यंत्रावर चढवायचा प्रयत्न झाला. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत लँकेशायरचं कापड जगभर गेलं. शतकानुशतकं जगाला कापड पुरवणाऱ्या हिंदुस्थानातच ते विकायला आलं. उत्तरेतल्या आझमगढ, मऊ, अलाहाबाद, बनारसकडच्या विणकरांच्या घरातले माग बंद पडू लागले. त्यावर १८५७ आलं. उठाव मोडल्यानंतरच्या जुलमाने आणि त्याआधीच्या उपासमारीने ही मोमीन-अन्सारी कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. आग्रा रोड नकाशावर पाहा. धुळे, मालेगाव, भिवंडी ही तिन्ही विणकरांची गावं त्याच रस्त्यावर आहेत. ज्यांना जिथे आसरा मिळाला तिथे त्यांनी माग मांडला. आज माझ्यासमोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या पणजोबा-खापरपणजोबांचा हा प्रवास आहे. १८५७ म्हटलं की आपण मंगल पांडे आणि झाशीची राणी सांगतो. हातमागाचं सामान पाठीवर घेऊन बायकामुलांसह चालत आलेला विणकरही १८५७च्या इतिहासात हवा.

त्याच काळात भिवंडीच्या वाट्याला एक वेगळं वळण आलं. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, पुढच्या वर्षी १ मेला ती कल्याणला पोचली. ठाण्याहून लोहमार्ग खाडी ओलांडून थेट कल्याणला गेला आणि भिवंडी बाजूला राहिली. रेल्वेने ज्याला वगळलं ते बंदर गलबतांच्या भरवशावर किती काळ टिकणार? कल्याण वाढत गेलं, भिवंडीची गोदी इतिहासजमा झाली. दुसरीकडे १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेतला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५मध्ये युद्ध संपताच हा फुगा फुटला, सट्टेवाले बुडाले. पण कावसजी दावर यांच्या गिरणीने दशकभर आधीच जी वाट घातली होती तीवर पुढे गिरणगाव उभं राहिलं. भिवंडीचा विणकर आणि मुंबईचा गिरणी कामगार असे दोन भाऊ एकाच जगाच्या उलथापालथीतून जन्माला आले.

वीज आली तसे १९३०च्या दशकात भिवंडीत यंत्रमाग बसू लागले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे आले, दुरुस्त झाले आणि पुन्हा चालू लागले. तुम्ही रोज पाहता ते बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. मागच्या बाजूला ताण्याचं बीम, पुढे कापड गुंडाळणारा रूळ, मध्ये फणी. धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी. धोटा डावीकडून उजवीकडे फेकला जातो, फणी धागा ठोकते, धोटा परत येतो. कांडी संपली की कारागीर माग थांबवून दुसरी घालतो, धागा तुटला की बोटांनी गाठ मारतो. एकाच कारागिराची नजर एका वेळी चार-चार, सहा-सहा मागांवर असते, आणि आवाज असा की बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. अशा कारखान्यात मी उभा राहिलो तेव्हा मनात आलं, की कार्टराइटनंतरचा धोट्याचा माग कसा चालतो ते दाखवायला इंग्लंड आज संग्रहालय उघडतं, आणि आपल्याकडे त्यावर अजून पोट भरतं.

आता १९८२. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र हळूहळू मिटल्या. संपाच्या काळात मालकांनी कापड भिवंडीच्या मागांवर काढून घेतलं. गिरणगावाची चूल विझत होती तेव्हा इथे रात्रपाळ्या चालल्या होत्या. त्यात भिवंडीच्या कारागिराचा दोष नाही, त्याला काम हवं होतं. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जे दिसतं ते बोललं पाहिजे. गिरणी कामगाराने साठ-सत्तर वर्षं लढून आठ तासांची पाळी, बोनस, भविष्य निर्वाह निधी, युनियन मिळवली होती. कापड परळहून भिवंडीला आलं, हे हक्क मात्र परळलाच राहिले. इथे बारा तासांच्या दोन पाळ्या, मीटरवर मजुरी, आठवड्याची खर्ची, भिसीतलं म्हणजे कामगारांच्या खानावळीतलं जेवण. पुस्तकं सांगतात की औद्योगिक क्रांतीचे आरंभीचे हाल पुढे कायद्याने कमी झाले. भिवंडीत काळ उलट्या दिशेने चालला. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेला, तेलंगणाहून आलेला पद्मशाली समाजातला कारागीर, आणि त्याच्या शेजारी मागावर उभा असलेला स्थानिक मराठी माणूस, या सगळ्यांनी ते भोगलं आहे. हा अन्याय आहे आणि तो आजही संपलेला नाही.

एका कठीण विषयाला हात घातल्याशिवाय मी खाली बसणार नाही. ७ मे १९७०ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी या शहरात दंगल झाली, जळगाव आणि महाडपर्यंत तिच्या ज्वाळा गेल्या. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४मध्ये पुन्हा माणसं मेली. ज्या राजाने भिवंडीच्या खाडीत कोळी, भंडारी, मुसलमान, पोर्तुगीज अशा सगळ्यांच्या हातांनी गलबतं बांधून घेतली, त्याच्या जयंतीला हे घडावं याचं दुःख मला आजही आहे. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. १९८८नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीत हिंदू-मुसलमान शेजारी, हवालदारापासून वरिष्ठापर्यंतचे पोलीस, कारखानदार, कारागीर एकत्र बसू लागले. नळाच्या भांडणापासून अफवेपर्यंत सगळं तिथल्या तिथे बोललं जाऊ लागलं. आणि मग डिसेंबर १९९२ आला, जानेवारी १९९३ आला. मुंबई जळत होती. देशाला वाटलं, आता भिवंडीची पाळी. भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी पुढे पुस्तकच लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'

इतिहासकार घडलेल्या गोष्टी मोजतात. न घडलेल्या दंगलीला साल मिळत नाही, स्मारक मिळत नाही. मी मात्र भिवंडीचा १९९२चा हिवाळा या शहराच्या सर्वात मोठ्या वळणांत धरतो. १६५९च्या बरोबरीने धरतो. कारण १६५९ला राजा होता. १९९२ला कोणी राजा नव्हता. एक तळमळीचा अधिकारी आणि तुम्ही होता. या सभागृहात त्या कमिट्यांवर बसलेले काही लोक असतील. मी त्यांना नमस्कार करतो.

आजचं वळण आपण उभे आहोत तिथेच चालू आहे. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवायची सोय म्हणून महामार्गालगत गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच गेली. घरबसल्या मागवलेली वस्तू आता भिवंडीतून निघते. बंदर हरवलेल्या गावात माल पुन्हा येऊन उतरतो आहे, फरक इतकाच की तो ट्रकने येतो. त्याच वेळी धोट्याचे माग भंगारात चालले आहेत, रॅपियर माग येत आहेत, चीनचं कापड भाव पाडत आहे. २०२०च्या टाळेबंदीत याच नाशिक महामार्गावरून हजारो कारागीर चालत गेले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. दीडशे वर्षांपूर्वी जिकडून विणकर आले तिकडेच त्यांचे वारस, निदान काही महिन्यांसाठी, परत गेले.

म्हणून माझी शेवटची विनंती अगदी व्यवहाराची आहे. लिस्बनच्या दप्तरात भिवंडीबद्दलचे कागद साडेतीनशेहून अधिक वर्षं जपले गेले. भिवंडीत भिवंडीबद्दलचे कागद कोण जपतं? तुमच्या घरांत मोडीतली खरेदीखतं असतील, फारसी-उर्दूतले कौल आणि निकाहनामे असतील, आजोबांच्या काळच्या सुताच्या वह्या असतील, मुकादमाची हजेरी, भिसीचा हिशेब, मोहल्ला कमिटीच्या बैठकांची टिपणं असतील. आई-वडील गेले, घर पाडून इमारत झाली की हे सगळं रद्दीत जातं. ते जाऊ देऊ नका. महाविद्यालयातल्या मुलामुलींनो, उठा, आपापल्या मोहल्ल्यातल्या सत्तरीपुढच्या कारागिरांकडे बसा, त्यांचं बोलणं मोबाईलवर भरून घ्या : गाव कोणतं, कधी आला, पहिली मजुरी किती मिळाली, १९७०ला कुठे होता, १९८२ला काय पाहिलं. नगरपालिकेच्या काळापासून शहराच्या नावात निजामपूर आहे. त्याच नावाच्या महापालिकेला मी हात जोडून सांगतो, एक खोली द्या, त्यात एक चालू धोट्याचा माग ठेवा आणि हे कागद ठेवा. आणि तुम्ही, इथून घरी गेल्यावर, कपाटावरची ती जुनी पत्र्याची पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहा, आणि जे सापडेल ते पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला घेऊन या.